गावचे औषधालय आणि औषधाचा दर्जा

पुणे शहराच्या दक्षिण अंगास बिबवेवाडी वसलेली आहे. एकेकाळी ती शहराच्या वेशीबाहेरची वाडी होती. आज ती महानगरपालिकेच्या हद्दीतील दाट वस्ती आहे. तिच्या एका बाजूस गुलटेकडीचा मार्केट यार्ड आहे, वस्तीत कामगार राज्य विमा योजनेचे रुग्णालय आहे, आणि कात्रज व कोंढवा या दोन्ही दिशांनी येथून ग्रामीण भागाकडे रस्ते जातात. हवेली, पुरंदर, भोर या तालुक्यांतील शेतकरी भाजीपाला घेऊन पहाटे बाजारात येतो आणि परतताना घरातील आजारी माणसासाठी औषधेही घेऊन जातो. शहराच्या अशा कडेला असलेले औषधाचे दुकान पत्त्याने शहरी असले, तरी त्याच्या गिऱ्हाइकांपैकी कित्येकांच्या बाबतीत ते गावचेच औषधालय असते. तेथे घेतलेली गोळ्यांची पट्टी किंवा सिरपची बाटली काही तासांत घाट ओलांडून जाते, आणि मग ती कोणाच्या घरी, कोणाच्या पोटात गेली याचा माग दुकानदारापाशी राहतो किंवा राहत नाही.

हा माग राहणे म्हणजे औषधाच्या सुरक्षिततेचा निम्मा भाग होय. औषधाचा दर्जा कारखान्यात ठरतो, ही समजूत रूढ आहे आणि ती चुकीची नाही. पण ती अपुरी आहे. कारखान्यात झालेली चूक फळीवरून मागे कशी घ्यावयाची, आणि कारखान्यातून निर्दोष निघालेले औषध फळीवर बिघडू कसे द्यावयाचे नाही, हे दोन्ही प्रश्न अखेर किरकोळ औषध दुकानात सुटतात.

पहिल्या प्रश्नाचे गांभीर्य महाराष्ट्राने फार मोठी किंमत देऊन जाणले आहे. १९८६ च्या प्रारंभी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात मेंदूवरील अथवा डोळ्यांतील दाब कमी करण्यासाठी काही रुग्णांना तोंडावाटे ग्लिसरॉल देण्यात आले. हे औषध नेहमीच्या वापरातील होते. त्या वेळी आलेल्या साठ्यात मात्र डायएथिलीन ग्लायकॉल हे औद्योगिक वापराचे विषारी द्रव्य मिसळलेले होते. रुग्णांची मूत्रपिंडे निकामी झाली आणि १४ जण दगावले. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने या प्रकरणाची पाळेमुळे खणून काढली. औषधी म्हणून पुरविलेले ग्लिसरीन मुळात औषधी दर्जाचे नव्हतेच. खरेदी, तपासणी, परवाना आणि देखरेख या साखळीतील प्रत्येक कडीने आपल्या आधीच्या कडीवर डोळे झाकून विश्वास ठेवला होता. शासकीय यंत्रणेवरही या अहवालाने अत्यंत परखड ताशेरे ओढले. औषध प्रशासनात काम करणाऱ्या प्रत्येकाने तो अहवाल एकदा तरी वाचावा, अशा योग्यतेचा आहे.

डायएथिलीन ग्लायकॉलचा धोका असा, की ते डोळ्यांना दिसत नाही व जिभेला कळत नाही. ते रंगहीन, किंचित दाट आणि गोडसर असते. ग्लिसरीन किंवा प्रॉपिलीन ग्लायकॉल या सिरपमध्ये वापरावयाच्या द्रव्यांपासून ते नुसत्या नजरेने वेगळे काढता येत नाही. म्हणून एखादा दुकानदार कितीही अनुभवी असला, तरी बाटली उजेडात धरून ती सुरक्षित आहे की नाही हे तो सांगू शकणार नाही. ते काम प्रयोगशाळेचे. दुकानदाराच्या हाती दुसरी गोष्ट आहे : धोक्याची सूचना येताच ती बाटली कोणी नेली हे सांगता येणे.

अमेरिकेत १९३७ साली सल्फानिलामाइड या औषधाचे द्रवरूप मिश्रण याच विषारी द्रव्यात विरघळवून विकले गेले आणि शंभराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. तयार झालेला एकूण साठा सुमारे २४० गॅलन होता. शासनाचे निरीक्षक देशभर फिरले. त्यांनी कंपनीची विक्रीपत्रके, दुकानांच्या वह्या व डॉक्टरांच्या चिठ्ठ्या पडताळल्या, रुग्णांची घरे शोधली आणि त्यातील बहुतेक साठा परत मिळविला. जेथे नोंद होती तेथे बाटली सापडली. जेथे नोंद नव्हती तेथे ती मृत्यूनंतर सापडली. या घटनेतूनच पुढील वर्षी, १९३८ मध्ये, औषध बाजारात आणण्यापूर्वी ते सुरक्षित असल्याचे दाखविण्याचे बंधन तेथील कायद्यात आले.

हा सारा जुना इतिहास आहे असे मानण्याची सोय २०२५ साली उरली नाही. त्या वर्षी सप्टेंबर–ऑक्टोबर महिन्यांत मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या सिरपमुळे वीसहून अधिक बालके दगावली. बाधित मुलांपैकी अनेकांवर नागपूरच्या रुग्णालयांत उपचार झाले, त्यामुळे विदर्भातील कुटुंबांनी ही घटना फार जवळून पाहिली. तामिळनाडूत तयार झालेल्या 'कोल्ड्रिफ' नावाच्या या सिरपच्या एसआर-१३ या बॅचमध्ये डायएथिलीन ग्लायकॉलचे प्रमाण ४८.६ टक्के आढळले. अशुद्धी म्हणून त्याची कमाल मर्यादा ०.१ टक्का आहे. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने ऑक्टोबरच्या पहिल्याच आठवड्यात या बॅचची विक्री, वितरण व वापर तत्काळ थांबविण्याची सूचना प्रसृत केली.

ही सूचना नेमकी कशाबद्दल होती, याकडे लक्ष द्यावयास हवे. ती एका बॅचबद्दल होती. बॅच म्हणजे एका वेळी, एकाच मिश्रणातून तयार झालेला माल. त्याला कारखान्यात एक क्रमांक मिळतो आणि तो प्रत्येक बाटलीवर व पट्टीवर छापलेला असतो. औषधाचे नाव तेच राहते, बॅच बदलत जाते. सूचना गावापर्यंत पोचली आणि दुकानदाराच्या पावतीवर केवळ "खोकल्याचे औषध, एक बाटली" एवढेच लिहिलेले असले, तर त्या सूचनेचा त्या घराला काही उपयोग नाही. पावतीवर बॅच क्रमांक व गिऱ्हाइकाचे नाव असले, तर तासाभरात निरोप जाऊ शकतो. ग्रामीण औषधालयाच्या सुरक्षिततेची परीक्षा पाहावयाची झाल्यास दुकानातील काचेची कपाटे व दिव्यांचा झगमगाट पाहू नये; पावतीपुस्तक पाहावे.

कायद्याची चौकट

भारतात औषधांच्या शुद्धतेचा विचार करण्यासाठी कर्नल रा. ना. चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली १९३०–३१ मध्ये समिती नेमली गेली होती. तिच्या शिफारशींतून पुढे १९४० चा औषधविषयक कायदा झाला. त्याचे नियम १९४५ चे. औषध देणारा माणूस प्रशिक्षित असावा म्हणून १९४८ चा फार्मसी कायदा आला. कायद्याची कलमे पाठ असण्याची गरज गावच्या सरपंचास अथवा शिक्षकास नाही, पण त्यातील दोन–तीन तरतुदी माहीत असल्यास पुष्कळ गोष्टी सुकर होतात.

कायद्याच्या कलम १८-अ प्रमाणे दुकानदाराने निरीक्षकास आपला माल कोणाकडून घेतला हे सांगणे बंधनकारक आहे, आणि कलम १८-ब प्रमाणे त्याने नोंदी ठेवणे बंधनकारक आहे. कित्येक दुकानदारांस हे जाचक वाटते. परंतु कलम १९ मध्ये याच नोंदी त्याच्या संरक्षणास येतात. औषध परवानाधारक उत्पादकाकडून वा वितरकाकडून घेतलेले आहे, त्यात दोष आहे हे वाजवी काळजी घेऊनही कळणे शक्य नव्हते, आणि आपल्या ताब्यात असताना ते योग्य रीतीने साठवून मूळ स्थितीतच ठेवले होते, इतके दाखविता आले तर दुकानदारावर दोष येत नाही. हे दाखवावयाचे कशाने? घाऊक विक्रेत्याच्या बिलाने आणि साठवणुकीच्या नोंदीने. बिलाशिवाय स्वस्तात मिळालेला माल घेणारा दुकानदार दोन पैसे वाचवितो आणि त्या बदल्यात कायद्याने दिलेले आपले एकमेव कवच टाकून देतो. बनावट अथवा भेसळयुक्त औषधामुळे मृत्यू ओढवल्यास २००८ च्या दुरुस्तीनुसार किमान दहा वर्षे व जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते, हे येथे लक्षात घ्यावे.

डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून द्यावयाची नाहीत अशी औषधे नियमांच्या 'एच' परिशिष्टात आहेत. प्रतिजैविकांचा बेसुमार वापर रोखण्यासाठी त्यांतील काही औषधे, तसेच क्षयरोगावरील औषधे, 'एच-१' या परिशिष्टात घालण्यात आली. ही तरतूद १ मार्च २०१४ पासून अमलात आहे. या औषधांसाठी दुकानात स्वतंत्र नोंदवही असावी लागते. तीत डॉक्टरांचे नाव व पत्ता, रुग्णाचे नाव, औषध व त्याचे प्रमाण लिहावयाचे आणि ती वही तीन वर्षे जपून ठेवावयाची. प्रतिजैविकांच्या पट्टीवर उभी लाल रेषा असते. ती दिसली की चिठ्ठी मागितलीच पाहिजे, एवढे निरक्षर गिऱ्हाइकासही समजावून सांगता येते.

फळीवरचा दर्जा

आता दुसरा प्रश्न. निर्दोष औषध दुकानात कसे बिघडते, हा विषय वरवर पाहता किरकोळ वाटतो. प्रत्यक्षात खेड्यातील दुकानाचे खरे दुखणे येथेच आहे.

पत्र्याच्या छपराखालच्या गाळ्यात एप्रिल–मे महिन्यांत तापमान किती चढते हे पुणे जिल्ह्यात कोणास सांगावयास नको. बहुतेक गोळ्यांच्या वेष्टनावर "३० अंश सेल्सिअसच्या खाली, कोरड्या जागी, उजेडापासून दूर ठेवावे" असे छापलेले असते. हे वाक्य औपचारिक नाही. वेष्टनावरील मुदतीची तारीख याच अटीवर दिलेली असते. अट मोडली की तारखेचा आधारही सुटतो. अॅस्पिरिनची गोळी ओलसर हवेत राहिली तर तिचे विघटन होते व बाटली उघडताच व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो. हा बिघाड निदान नाकाला कळतो. इतर बहुतेक औषधे बिघडताना असा इशारा देत नाहीत. म्हणून दुकानाच्या भिंतीवर एक साधा तापमापक, छपराखाली आतून लाकडी किंवा तत्सम तक्तपोशी, उन्हाच्या बाजूस पडदा आणि फळी जमिनीपासून व भिंतीपासून थोडी अलग, एवढी व्यवस्था कोणत्याही लहान दुकानास परवडण्याजोगी आहे. ओलीच्या भिंतीला टेकून ठेवलेले जलसंजीवनीचे पुडे पावसाळ्यात गुठळ्या धरतात, हे पुष्कळांनी पाहिले असेल.

इन्शुलिनचा प्रश्न अधिक नाजूक आहे. न उघडलेली कुपी २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावयाची असते. फ्रीज असला म्हणजे काम झाले असे नव्हे. बर्फाच्या कप्प्याला लागून ठेवलेले इन्शुलिन गोठते, आणि एकदा गोठलेले इन्शुलिन वितळल्यावर दिसावयास पूर्वीसारखे असले तरी वापरू नये. फ्रीजच्या दारातही ते ठेवू नये, कारण दार उघडझाप होताना तेथील तापमान सर्वाधिक बदलते. मधल्या फळीवर, तापमापकाशेजारी, ही त्याची जागा. वीज किती वेळ गेली होती याची नोंद सकाळ–संध्याकाळ फ्रीजवरील कागदावर करण्याची सवय दुकानदाराने लावून घ्यावी. त्याच फ्रीजमध्ये दूध, शीतपेये आणि घरची भाजी ठेवण्याची प्रथा मात्र बंद झालीच पाहिजे. याबाबत सौम्य शब्द वापरण्याचे कारण नाही. बिबवेवाडीहून घाटापलीकडच्या गावी इन्शुलिन नेणाऱ्या गिऱ्हाइकास दुकानदाराने ते बर्फाच्या पिशवीला थेट न टेकविता, कापडात किंवा कागदात गुंडाळून द्यावे, आणि दुचाकीच्या डिकीत उन्हात ठेवू नये हे तोंडी सांगावे.

याहून अधिक दुर्लक्षित बाब म्हणजे पट्टी कापण्याची. गावाकडील गिऱ्हाईक दहा गोळ्यांची पट्टी क्वचितच घेते. तीन गोळ्या, चार गोळ्या अशी मागणी असते आणि त्यात गैर काही नाही. पण बॅच क्रमांक व मुदतीची तारीख बहुधा पट्टीच्या एकाच टोकावर ठसविलेली असते. दुकानदाराने ते टोक पहिल्याच गिऱ्हाइकाला कापून दिले, तर उरलेल्या सहा–सात गोळ्या अनाम होतात. त्या केव्हा संपल्या, कोणत्या बॅचच्या होत्या, हे पुढे दुकानदारासही सांगता येत नाही. पट्टी नेहमी उलट्या टोकाकडून कापावी, छापील टोक शेवटपर्यंत राखावे, आणि सुट्या गोळ्या देताना कागदी पाकिटावर औषधाचे नाव, बॅच क्रमांक, मुदत व घेण्याची वेळ लिहून द्यावी. याला कात्री व पेन यांखेरीज काही लागत नाही.

मुदत संपलेला माल विक्रीच्या फळीवर राहता कामा नये. "विक्रीसाठी नाही" अशी चिठ्ठी लावलेल्या वेगळ्या खोक्यात तो ठेवून घाऊक विक्रेत्याकडे परत करावा. ज्याची मुदत आधी संपणार ते पुढे, ही मांडणी महिन्यातून एकदा तपासली तरी पुरते.

देणारा हात

दुकान चालविण्यास परवाना लागतो आणि तो दर्शनी भागी लावलेला असला पाहिजे. त्यावर नोंदणीकृत फार्मासिस्टचे नाव असते. चिठ्ठीवरील औषध त्यानेच, किंवा त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली, दिले जावे असा नियम आहे. काही ठिकाणी प्रमाणपत्र भिंतीवर असते, पण ते धारण करणारी व्यक्ती दुकानात कधीच नसते. हा दोष केवळ तांत्रिक मानता येत नाही. डॉक्टरांचे घाईचे अक्षर, सारख्या उच्चाराची दोन नावे, प्रौढाची व बालकाची मात्रा, ही गुंतागुंत सोडविण्याचे शिक्षण ज्याला मिळालेले नाही त्याच्या हातून चूक होणारच. चिठ्ठीतील औषध उपलब्ध नसेल तर परस्पर दुसरे देणे नियमास धरून नाही; डॉक्टरांस विचारावे. औषध छापील जेनेरिक नावाने घेण्यास संकोच वाटण्याचे कारण नाही. नावापुढे 'आय.पी.' ही अक्षरे असल्यास ते भारतीय औषधकोशातील मानकाप्रमाणे असल्याचा तो दावा असतो, आणि ते मानक स्वस्त व महाग अशा दोन्ही औषधांस एकच आहे.

लहान मुलांच्या खोकल्याबाबत विशेष सावधगिरी हवी. केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये स्पष्ट केले, की दोन वर्षांखालील बालकांस खोकला–सर्दीची औषधे लिहून देऊ नयेत व दुकानातूनही देऊ नयेत. पाच वर्षांखालीही ती सर्वसाधारणपणे योग्य नाहीत. बालकांचा बहुतेक खोकला आपोआप बरा होतो. पुरेसे पाणी, आईचे दूध व विश्रांती हे त्यावरचे पहिले उपाय होत. श्वास जोरात चालत असेल किंवा छाती आत ओढली जात असेल, तर मात्र दुकानाकडे न जाता प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे.

एक हजाराहून अधिक लोकवस्ती नसलेल्या खेड्यांसाठी नियमांच्या 'के' परिशिष्टात सवलत आहे. पॅरासिटामॉल, आम्लपित्तावरील साधी औषधे, वेदनाशामक मलम अशी काही घरगुती औषधे तेथील किराणा दुकानदार परवान्यावाचून विकू शकतो. सवलतीबरोबर अटीही आहेत : माल परवानाधारक घाऊक विक्रेत्याकडून किंवा उत्पादकाकडूनच घेतलेला असावा, तो मूळ बंद वेष्टनात विकला जावा, आणि त्यात चिठ्ठीवर द्यावयाचे द्रव्य नसावे. याचा अर्थ किराणा दुकानात प्रतिजैविकाची कॅप्सूल किंवा सुटी इंजेक्शने मिळू लागली, तर ती सवलतीत बसत नाहीत, मग गाव कितीही आडवळणी असो. आशा सेविका व आरोग्य सेवक शासकीय कार्यक्रमांतून देतात त्या औषधांची गोष्ट वेगळी. ती आरोग्य केंद्राच्या साठ्यातून येतात व तेथील नोंदीत असतात.

पंचायत व शाळा यांचे काम

औषध दुकानाची तपासणी करण्याचा अधिकार औषध निरीक्षकाचा आहे, ग्रामपंचायतीचा नव्हे. पंचायत सदस्यांनी दुकानात शिरून कपाटे उघडू लागणे हे कायद्यात बसणार नाही आणि त्यातून गावात वैरही उत्पन्न होईल. त्यांना करता येण्याजोगे काम निराळे आहे. एखाद्या बॅचविषयी शासनाची सूचना आली, की ती सूचनाफलकावर औषधाच्या नावासह व बॅच क्रमांकासह ठळक लिहावी आणि दवंडीप्रमाणे ध्वनिक्षेपकावरून सांगावी. गावाच्या आरोग्य, पोषण व स्वच्छता समितीच्या बैठकीत गावकरी नेहमी ज्या दुकानांतून औषध आणतात त्यांची यादी करून ठेवावी. बाजाराच्या गावाचे किंवा शहराच्या कडेचे दुकानही त्यात यावे. ते दुकान पावती देते की नाही, हा प्रश्न ग्रामसभेत विचारण्यास कोणाची आडकाठी नाही.

शिक्षकांचा हातभार याहून टिकाऊ ठरू शकतो. चौथी–पाचवीतील विद्यार्थी वेष्टनावरील अंक वाचू शकतो. घरातील रिकाम्या पट्ट्या व खोकी आणावयास सांगून औषधाचे नाव, बॅच क्रमांक, निर्मितीची तारीख, मुदत, उत्पादन परवान्याचा क्रमांक व कमाल किंमत शोधावयास लावणे हा परिसर अभ्यासाचा चांगला पाठ होतो. १ ऑगस्ट २०२३ पासून खपाच्या ३०० नाममुद्रांच्या वेष्टनांवर संकेतचिन्ह छापणे बंधनकारक झाले आहे. भ्रमणध्वनीने ते वाचून औषधाची माहिती पडताळता येते. ज्या घरात वडीलधाऱ्यांना अक्षरओळख नाही, तेथे हे काम मुलगा किंवा मुलगीच करील.

औषधाविषयी शंका आल्यास बाटली किंवा पट्टी फेकून देऊ नये. उरलेल्या औषधासह व पावतीसह ती जपून ठेवावी. अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयातील सहायक आयुक्तांकडे, अथवा १८००२२२३६५ या निःशुल्क क्रमांकावर तक्रार नोंदविता येते. औषधाने अपाय झाल्याचे वाटल्यास राष्ट्रीय औषधसुरक्षा कार्यक्रमाचा क्रमांक १८००१८०३०२४ आहे. फारशी परिचित नसलेली आणखी एक तरतूद कायद्याच्या कलम २६ मध्ये आहे : विकत घेतलेले औषध कोणीही व्यक्ती, किंवा मान्यताप्राप्त ग्राहक संघटना, विहित शुल्क भरून शासकीय विश्लेषकाकडे तपासणीसाठी देऊ शकते आणि त्याचा सही केलेला अहवाल मिळवू शकते. अर्ज करताना औषध कोठून व केव्हा घेतले हे सांगावे लागते; पावती जपून ठेवलेली असल्यास ते सांगणे सोपे जाते.